हॅसब्रोच्या लॉटमध्ये ठसा नसलेला वॉरियर आलाय. ठेवावा की काढून टाकावा?

पाऊसवेडी

नमस्कार मंडळी,

मी हॅसब्रो ह्या खेळणी कंपनीच्या जुन्या डब्ल्यूडब्ल्यूएफ फिगर्स जमवते, म्हणजे त्या अमेरिकन कुस्तीतल्या पैलवानांच्या बाहुल्या. १९९० ते १९९४ मधल्या, साडेचार इंची, स्प्रिंगवर डाव मारणाऱ्या. कार्डासकटच्या, म्हणजे मूळ पुठ्ठ्यावर पॅक असलेल्या नाही, सुट्या. मला त्या हातात घेऊन बघायच्या असतात.

नुकताच ऑनलाइन एक लॉट घेतला. जेक रॉबर्ट्स, मिलियन डॉलर मॅन, डिमॉलिशन जोडीचे अ‍ॅक्स आणि स्मॅश, सगळे ठणठणीत. विकणाऱ्याने ‘सर्व ओरिजिनल’ असं लिहिलं होतं. पण त्यातला अल्टिमेट वॉरियर मला खटकतोय. मुंडकं हॅसब्रोच्या वॉरियरचंच वाटतं, पण चेहऱ्यावरची नक्षी एका अंगाला सरकलेली आहे. दंडावरच्या फिती एकाच हाताला रंगवल्यात. छातीवर दोन्ही खांद्यांवरून खाली येणारे पट्टे उठून दिसतात, पण ते रंगवलेलेच नाहीत, अंगाच्याच रंगाचे आहेत. म्हणजे धड पट्ट्यांचा पोशाख घालणाऱ्या दुसऱ्याच कुणा पैलवानाचं असणार. स्प्रिंग नाही. वजन फारच कमी, आणि छाती दाबली की आत जाते. पायामागे ठसा असायला हवा तिथे गुळगुळीत डाग आहे.

हा बूटलेग, म्हणजे विनापरवाना नक्कल, आहे हे मलाही कळतंय. मला विचारायचंय ते असं की हा त्याच काळातला आहे की हल्ली कुणी बनवलाय, हे कसं ओळखायचं? आणि असली फिगर संग्रहात ठेवणं बरोबर आहे का? माझा जीव त्याच्यात अडकलाय, पण बाकीच्यांशेजारी उभा करताना अवघडल्यासारखं होतं.

ढाक_डाव

ताई, आधी एक विनंती. तो टाकू नका आणि धुऊही नका. आता सविस्तर लिहितो, कारण ह्या विषयावर माझा जीव आहे आणि ‘ठसा नाही, म्हणजे नकली, फेकून द्या’ एवढ्यावर प्रश्न मिटवलेला मला बघवत नाही.

पहिलं म्हणजे, मुंडकं एकाचं आणि धड दुसऱ्याचं एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. परवाना असलेल्या कंपन्याही हेच करायच्या. रेम्कोने १९८५ च्या सुमारास एडब्ल्यूए ह्या दुसऱ्या कुस्ती संघटनेचे पैलवान काढले, तेव्हा दोन-तीन धडांवर भराभर मुंडकी बसवली. हॅसब्रोनेही पुढच्या मालिकांत जुनी धडं पुन्हा वापरली. साचा ही महागडी गोष्ट असते, ती एकदाच वापरून कोण सोडून देणार? फरक इतकाच की परवानाधारक कंपनीत रंगाचा आराखडा त्या धडाला बेतून केला जायचा. तुमच्या वॉरियरच्या छातीवरचे न रंगवलेले पट्टे सांगतात की रंगवणाऱ्याच्या समोर वॉरियरचं चित्र होतं आणि हातात धड भलत्याचंच. तो माणूस रोज शेकड्यांनी चेहरे रंगवत असणार. मला अशा फिगरमध्ये सगळ्यात जास्त हेच दिसतं, एका कामगाराचा हात. मूळ हॅसब्रोमध्ये तो हात लपलेला असतो.

दुसरं, ठसा. मूळ हॅसब्रोवर वर्ष आणि टायटन स्पोर्ट्सचं नाव कोरलेलं असतं. टायटन स्पोर्ट्स म्हणजे त्या काळात डब्ल्यूडब्ल्यूएफ चालवणारी कंपनी. पण ठसा असला म्हणजे माल खरा, असं धरून चालू नका. मूळ फिगरवरूनच साचा घेतला की ठसाही साच्यात उतरतो. तेव्हा अक्षरांच्या कडा बघा. मूळ ठशाच्या कडा नखाला लागतात, नकलेत त्या गोलावतात आणि अक्षरांची पोटं भरून जातात. तुमच्याकडे आहे तसा गुळगुळीत डाग असेल तर साचा बनवताना कुणीतरी मुद्दाम ठसा बुजवलाय. तोही एक पुरावाच.

आता हल्लीचा की तेव्हाचा. फिगर उलटी करा आणि तळवे बघा. पोकळ आणि दाबली तर आत जाणारी म्हणताय, म्हणजे बहुधा ती फुंकून बनवलेली आहे. गरम प्लास्टिकची नळी साच्याच्या दोन अर्ध्यांमध्ये धरतात, आत हवा सोडतात, नळी फुगून साच्याला चिकटते. नळीचं तोंड जिथे साच्याने चिमटलं जातं तिथे एक आडवी, जरा जाड रेघ राहते. ती तळव्याखाली किंवा डोक्यावर सापडते. ह्या पद्धतीत दाब कमी लागतो, त्यामुळे पोलादाऐवजी अ‍ॅल्युमिनिअमचा स्वस्त साचा चालतो. पण त्याच कारणाने नाक-डोळे मऊ येतात, बोटं एकमेकांत मिसळतात. पुसटपणा येतो तो इथून. त्याचा कारागिराच्या आळसाशी काही संबंध नाही.

आणि एक मोजणी करा. तुमच्याकडे मूळ वॉरियर असेल तर व्हर्नियर कॅलिपरने दोन्ही डोक्यांची रुंदी एकाच जागी मोजा. प्लास्टिक गार होताना आकसतं. एबीएस हे टणक प्लास्टिक साधारण अर्धा टक्का, पॉलिथिलीन हे मऊ प्लास्टिक मात्र दीड-दोन टक्के आणि कधी त्याहून जास्त. मूळ फिगरवरून साचा घेतला असेल तर नक्कल नेहमी थोडी लहान भरते. नुसत्या नजरेला हे दिसत नाही, शेजारी शेजारी उभ्या केल्या की खटकतं.

हल्लीच्या नकला बहुतेक वेगळ्या असतात. सिलिकॉनच्या साच्यात रेझिन ओतून केलेल्या, म्हणजे आपण ज्यांना रीकास्ट म्हणतो त्या. त्या भरीव आणि टणक असतात, एकमेकींवर आपटल्या तर टकटक वाजतात, आणि बगलेत किंवा हनुवटीखाली टाचणीच्या टोकाएवढे हवेचे खळगे सापडतात. दोन हजार दोनमध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफचं नाव डब्ल्यूडब्ल्यूई झालं, त्यामुळे ठशात डब्ल्यूडब्ल्यूई असेल तर फिगर २००२ नंतरचीच. मॅटेलने २०१७ पासून हॅसब्रोच्या धर्तीवर रेट्रो मालिका काढली, ती परवान्याची आहे, तिला कुणी बूटलेग म्हणू नये.

आता तुमचा खरा प्रश्न, ठेवावा का. माझं मत स्पष्ट आहे. त्या काळातला बूटलेग हा संग्रहाचा पूर्ण हक्काचा भाग आहे. जिथे मूळ फिगर पोचत नव्हती किंवा परवडत नव्हती तिथल्या मुलांनी ह्यांच्याच कुस्त्या लावल्या. कुठला चेहरा किती दूर पोचला होता हे कंपनीच्या कॅटलॉगमध्ये सापडत नाही. कुणी त्याची चोरून नक्कल करायची तसदी घेतली ह्यावरूनच ते कळतं. बूटलेगवाले पडेल पैलवानाचा साचा कशाला काढतील?

अट एकच. त्याला बूटलेग म्हणूनच मांडा, बूटलेग म्हणूनच नोंदवा, आणि कधी दिलाच तर बूटलेग म्हणूनच द्या.

चंदेरी_मुखवटा

ढाकदादांनी छानच लिहिलंय. त्यात माझ्या बाजूची थोडी भर घालतो.

मी मेक्सिकोच्या लुचादोर, म्हणजे तिथल्या कुस्तीगीरांच्या, फिगर्स जमवतो. बाजारात ढिगाने विकल्या जाणाऱ्या, पोकळ, फुंकीव प्लास्टिकच्या. ह्यांच्यात ‘मूळ कोणती’ हा प्रश्नच उलटा होतो. धड सगळ्यांचं एकच: पाय फाकलेले, हात पकडीसाठी पुढे. पैलवान कोण ते फक्त मुखवट्याचा रंग ठरवतो. चंदेरी असेल तर एल सांतो, निळा-चंदेरी असेल तर ब्ल्यू डेमन. लुचा लिब्रेमध्ये, म्हणजे मेक्सिकोच्या कुस्तीत, मुखवटा हीच ओळख. ७ नोव्हेंबर १९५२ ला सांतोने ब्लॅक शॅडोला हरवून त्याचा मुखवटा उतरवला, पुढच्या वर्षी ब्ल्यू डेमनने सांतोला हरवून मित्राचा वचपा काढला. सांतो फेब्रुवारी १९८४ मध्ये वारला, तेव्हा त्याला मुखवट्यासकट पुरलं. अशा कुस्तीत नाक-डोळे हुबेहूब कोरायची गरजच काय? डोळ्यांभोवतीची एक रेघ बरोबर बसली की पैलवान उभा राहतो.

माझ्याकडच्या एका सांतोच्या डाव्या डोळ्याची रेघ ब्रश उचलताना कानापर्यंत ओढली गेलीय. मी ती फिगर कुणालाही द्यायला तयार नाही.

ताई, तुमच्या वॉरियरचाही चेहरा रंगवलेलाच होता, एक प्रकारचा मुखवटाच. म्हणूनच त्याची नक्कल करणं सोपं गेलं असणार. धड कुणाचंही चालतं, चेहऱ्यावर ती नक्षी आली की झालं.

साडेचार_इंच

मला हे पटत नाही. एवढं कौतुक करून आपण नकली मालाला भाव आणतो, आणि त्याचा फटका बसतो नव्याने जमवायला लागलेल्यांना. ‘ओरिजिनल’ म्हणून विकलेला माल ओरिजिनल नसेल तर तो परत करावा. त्याच्या इतिहासात शिरायची गरज नाही. शिवाय आता छापील कार्डंही नकली येतात. सुटी फिगर नव्या कार्डावर बसवून, वर प्लास्टिक चिकटवून ‘न उघडलेली’ म्हणून खपवतात. आपण बूटलेगला प्रतिष्ठा दिली की ह्या लोकांनाही आडोसा मिळतो.

ढाक_डाव

साडेचार, तुमचा राग रास्त आहे. विकणाऱ्याने खोटं लिहिलं असेल तर ताईंनी त्याला जाब विचारायलाच हवा, त्यात दुमत नाही. पण दोन गोष्टी वेगळ्या ठेवू. नव्वदच्या आसपास ज्याने ही फिगर बनवली त्याने परवाना चुकवला, पण घेणाऱ्याला फसवलं नाही. अशा फिगर्स साध्या पिशवीत किंवा भलत्याच नावाच्या कार्डावर यायच्या, घेणाऱ्याला ठाऊक असायचं की हा स्वस्तातला आहे. आज नकली कार्डावर फिगर चिकटवून न उघडलेली म्हणून विकणारा तुम्हाला आणि मलाच फसवायला बसलाय. पहिल्याला मी कपाटात जागा देतो. दुसऱ्याच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही.

कार्डाचं म्हणाल तर भिंग घ्या. जुनी कार्डं ऑफसेटवर छापलेली, त्यामुळे रंगाचे ठिपके ओळीत, फुलासारख्या गोल नक्षीत दिसतात. घरगुती इंकजेटचे ठिपके फवारा उडाल्यासारखे विस्कटलेले असतात. बूटलेगचा अभ्यास केला नसता तर ही नजर मला आली नसती, हे मी मनापासून सांगतो.

पाऊसवेडी

सगळ्यांचे खूप आभार. तळव्याखाली आडवी रेघ सापडली! उजव्या पायाखाली ठळक, डाव्याखाली अंधुक. माझ्याकडे मूळ वॉरियर आहे, त्याचं डोकं सर्वांत रुंद जागी २१.४ मिमी भरलं, ह्याचं २०.९. म्हणजे दोन टक्क्यांहून थोडं जास्तच. खळगे कुठेही नाहीत.

विकणाऱ्याला लिहिलंय, तपशील आणि फोटो पाठवलेत. फिगर परत करायची नाही असं ठरवलंय, फक्त त्याने पुढच्या वेळी नीट लिहावं.

आता काळजी रंगाची. दंडावरची फीत पापुद्र्यासारखी सुटतेय. माझ्याकडच्या एलजेएन कंपनीच्या रबरी हल्क होगनचा रंग असा जात नाही, त्याचा नाकावर, केसांवर झिजून गेलाय.

ढाक_डाव

फरक बरोबर टिपलात. एलजेएनचे १९८४ ते १९८९ मधले मोठे पैलवान भरीव, मऊ पीव्हीसीचे. त्यांच्यावर रंग चांगला धरतो आणि जिथे घासला जातो तिथेच उडतो. तुमचा वॉरियर बहुधा पॉलिथिलीनचा आहे, आणि पॉलिथिलीनला रंग मुळात चिकटतच नाही, वर नुसता बसलेला असतो. म्हणून तो पापुद्रा धरून सुटतो. त्याला पाणी नको, अल्कोहोल नको, अ‍ॅसिटोन तर दाखवूही नका. मऊ कोरड्या ब्रशने धूळ काढा आणि सुटलेल्या पापुद्र्याला हात लावू नका. नवीन रंग तर अजिबात चढवू नका, त्या कामगाराचा हात पुसला जाईल.

तुमच्या मूळ हॅसब्रोही पाण्यात बुडवत नसाल अशी आशा आहे. आतली स्प्रिंग धातूची असते, ती गंजली की डाव संपला. ओल्या कापडाने वरून पुसा, पुरे.

एलजेएन होगन वॉरियरला किंवा हॅसब्रोला टेकवून ठेवू नका. मऊ पीव्हीसीतून तेलकट द्रव्य हळूहळू बाहेर येतं. ते कडक प्लास्टिकला लागलं तर प्लास्टिक मऊ पडतं, रंगाला लागलं तर रंग चिकट होतो. मध्ये पॉलिप्रॉपिलीनची पिशवी ठेवा. पीव्हीसीची पिशवी तेवढी टाळा.

साडेचार_इंच

ताई, तुम्ही विकणाऱ्याला लिहिलंत हे चांगलं केलंत. परत करण्याबद्दलचं माझं मत कायम आहे, पण तुमच्या वॉरियरचे पायाचे फोटो इथे टाका. गुळगुळीत डागाचा जवळून काढलेला फोटो नव्या लोकांना ओळखायला उपयोगी पडेल.

चंदेरी_मुखवटा

आणि छातीचाही टाका. माझ्याकडे एक बेनाव पैलवान पडून आहे, निळा पोशाख, दोन पट्टे, बाकी अंग अगदी असंच पोकळ. पट्ट्यांची रुंदी आणि बेंबीची जागा जुळली तर दोघांचं धड एकाच साच्यातून निघालंय असं धरता येईल. मी त्याच्या पट्ट्याचं माप आज रात्री घेऊन ठेवतो.