मदत हवी आहे: प्रत्येक लेंडीत पतंगाचे खवलेच!

सडेवाला:
एमएस्सीचा प्रकल्प आहे, पुढच्या आठवड्यात अहवाल द्यायचाय. वटवाघळाच्या लेंड्या अल्कोहोलमध्ये भिजवून, सुईनं फोडून मायक्रोस्कोपखाली बघतोय. प्रत्येक लेंडीत पतंगाचे खवले, भुंगेऱ्यांचे तुकडे जेमतेम. गाइड म्हणतात, शंभर टक्के पतंग कसा येईल? काय चुकतंय? लवकर सांगा प्लीज.

घाटवाट:
कुठलं वटवाघूळ? कुठलं जंगल? लेंड्या गोळा कशा केल्या?

सडेवाला:
हॉर्सशू. आंबोली, जंगलालगतचं पडकं घर. खाली चादर टाकली होती, अजून कशा करणार?

बागाईतदार:
आमच्याकडे एक चिकू ठेवत नाहीत मेले. जाळी टाकली तरी खालून शिरतात. काही औषध आहे का?

सूक्ष्मदर्शी:
काका, ती फळं खाणारी, वेगळी. नवा धागा काढा.

सडेवाला, तुमचे खवले खरेच आहेत, पण त्यांचा अर्थ वेगळा. एका पतंगाच्या पंखांवर हजारो खवले असतात आणि पोटात गेले की बाकीच्या जेवणालाही चिकटतात. म्हणून खवले दिसले म्हणजे पतंग खाल्ला, एवढंच. किती खाल्ला ते नाही. दोन आकडे वेगळे काढा: किती टक्के लेंड्यांत सापडला, आणि लेंडीच्या घनफळात अंदाजे वाटा किती. दुसऱ्यासाठी खवले सोडा. पायांचे तुकडे, नखं, जबडे, भुंगेऱ्याचे कडक पंख बघा. मऊ किडे तसेही फारसे उरत नाहीत, ती त्रुटी अहवालात लिहाच.

जीनोमगुरू:
अजून सुईनं लेंड्या फोडताय? डीएनए काढा. किड्याची प्रजातसुद्धा कळते.

सूक्ष्मदर्शी:
प्रजात कळते, पण किती खाल्लं ते नीट कळत नाही. शिवाय आपल्याकडच्या कितीतरी पतंगांचे संदर्भ नमुनेच नाहीत, जुळवणार कशाशी? आणि पैसे तुम्ही देणार का?

जीनोमगुरू:
पैशांचा प्रश्न असेल तर विज्ञान करूच नये.

निरोगी_नाना:
मला कळत नाही एवढी भानगड कशाला. एक वटवाघूळ तासाला हजार डास खातं, सगळीकडे लिहिलंय. तेच टाका.

सूक्ष्मदर्शी:
नाना, तो आकडा प्रयोगशाळेतल्या बंद खोलीत थोडा वेळ डास सोडून काढलेल्या मोजणीवरून ताणलाय, तोही अमेरिकेतल्या छोट्या वटवाघळांचा. रानात कुणी नुसत्या डासांवर बसत नाही.

निरोगी_नाना:
बरं. पण मास्क लावतो ना मुलगा? महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत निपाहच्या खुणा सापडल्याचं पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेनं २०२१ मध्ये सांगितलं होतं.

घाटवाट:
मास्क लावाच, वाळलेल्या लेंड्यांच्या धुळीत बुरशीही असते. पण सडेवाला, चादरीवर लेंड्यांशिवाय काय होतं?

सडेवाला:
पंख. भरपूर. पतंगाचे, नाकतोड्याचे, एक सिकाडाचा. बेडकाचा पायही होता, पण तो मांजराचा उद्योग असेल. घर उघडंच आहे.

घाटवाट:
हे आधी सांगायचं ना राव! मांजर कशाला, तिथे फॉल्स व्हँपायर नावाचं दुसरं वटवाघूळ येत असणार. ते भक्ष्य धरून ठरावीक जागी लटकतं, मऊ भाग खातं, पंख-पाय खाली टाकतं. नाकतोडे, पतंग, बेडूक, पाली, उंदीर, छोटे पक्षी, सगळं चालतं. पाचोळ्यातली खसखस ऐकून जमिनीवरून उचलतं, स्वतःचा आवाज अगदी हळू ठेवतं.

हॉर्सशूची तऱ्हा निराळी. ते कोतवाल पक्ष्यासारखं फांदीवर बसून राहतं, किडा आला की झेप घेऊन परत येतं. एकाच सुरातली लांब साद देतं; फडफडणाऱ्या पंखांमुळे तिच्या प्रतिध्वनीत चढउतार होतात, त्यावरून दाट झाडीतही किडा ओळखतं. पतंग जास्त येणं त्यात अशक्य नाही. पण तुमच्या बाटलीत दोघांचं जेवण एकत्र असेल तर टक्केवारी कुणाची?

लेंडीत हाडांचे कपचे, केस आहेत का? आणि वर लटकलेल्यांचे कान बघा. मोठे, कपाळावर जोडलेले, शेपूट दिसत नाही, तर फॉल्स व्हँपायर. झोपताना पंखांत गुंडाळून घेतं ते हॉर्सशू.

सडेवाला:
केस आहेत, पण अंग चाटताना त्यांचेच जात असतील ना? बारीक पांढरे तुकडेही आहेत, मला गोगलगाईचा शंख वाटला. गुंडाळलेली आतल्या खोलीत आहेत, नक्की. ओसरीवर रात्री कोण येतं ते बघितलं नाही, मी सकाळी जातो. चादर एकच होती, दोन्हीकडे पसरलेली.

घाटवाट:
केस त्यांचे असू शकतात, पांढरे तुकडे आधी तपासा. आतल्या खोलीत वेगळी चादर टाका, पहाटे उचला. तेवढ्याच लेंड्या हॉर्सशूच्या नावावर मांडा. जुन्या लेंड्या 'मिश्र नमुना' म्हणून वेगळ्या तक्त्यात.

जीनोमगुरू:
डीएनए काढला असता तर लेंडी कुठल्या वटवाघळाची, हेही कळलं असतं.

सूक्ष्मदर्शी:
हे मात्र खरं. पण आठवडाभरात रिपोर्ट कोण देणार?