मुलाचे आजारपण पालकच घडवत असल्याची शंका आली, तर ती कशी पडताळावी?

प्रश्न: मी बालरोग विभागात परिचारिका आहे. चार वर्षांच्या एका मुलाला आकडी येते, असे त्याची आई वारंवार सांगते. परंतु विभागात ही आकडी कुणीही पाहिलेली नाही आणि तपासण्यांत काहीच आढळत नाही. माझी शंका त्या आईवर अन्याय करणारी तर नाही ना, या विचाराने मी अस्वस्थ आहे.

प्रतिसाद १: शंका नोंदवणे म्हणजे आरोप करणे नव्हे. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ रॉय मेडो यांनी १९७७ मध्ये, पालकच मुलाचे आजारपण रचतात किंवा घडवतात अशा प्रकारांचे वर्णन ‘मुंचाउसेन सिंड्रोम बाय प्रॉक्सी’ या नावाने केले. आता मात्र पालकाच्या मनोविकारापेक्षा मुलाला होणाऱ्या इजेवर भर देऊन याकडे बालछळ म्हणून पाहिले जाते, आणि मला तेच योग्य वाटते. सांगितलेली लक्षणे व प्रत्यक्ष निरीक्षण यांतील तफावत, पालक दूर असताना सुधारणारी प्रकृती आणि अहवाल चांगला आल्यावर दिलासा वाटण्याऐवजी आणखी तपासण्यांचा आग्रह, ही चिन्हे एकत्र दिसली तर ती गांभीर्याने घ्यावीत.

प्रतिसाद २: दुर्मीळ आजार किंवा पालकाची अतिकाळजी हेही कारण असू शकते. म्हणून कुणी काय प्रत्यक्ष पाहिले आणि काय केवळ सांगितले गेले, हे वेळेसह वेगवेगळे लिहा.

प्रतिसाद ३: आईला स्वतः जाब विचारू नका, त्याने मुलाचा धोका वाढू शकतो. वरिष्ठ डॉक्टरांना व बालसंरक्षणाची जबाबदारी असलेल्यांना आजच कळवा. विषबाधेचा किंवा श्वास कोंडल्याचा संशय असेल, तर क्षणभरही थांबू नका.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. आजच्या पाळीतच वरिष्ठांशी बोलते.