शेतात झाडं टिकत नाहीत, यात शेतकऱ्याचं अज्ञान किती?

धागाकर्ता:
पिकांत झाडं असावीत हे सगळेच म्हणतात. ती टिकली नाहीत की उत्तर तयार असतं: शेतकऱ्याला फायदे कळत नाहीत, प्रशिक्षण द्या, रोपं फुकट वाटा. मला हे अजिबात पटत नाही. पहिला प्रश्न असा, की झाड मोठं झाल्यावर ते कोणाचं असेल?

पश्चिम आफ्रिकेतल्या नायजरमध्ये फ्रेंच अमदानीपासून शेतातलं झाडही सरकारचं असायचं. फांदी तोडली तर दंड. मग शेतकरी करायचे काय, तर जुन्या बुंध्यांना फुटलेले धुमारे पेरणीआधीच साफ करून टाकायचे. 1980च्या दशकात मारादी भागात हा जाच सैल झाला आणि त्याच शेतकऱ्यांनी बुंध्यागणिक दोन-चार सरळ धुमारे राखायला सुरुवात केली. पुढे जवळपास 50 लाख हेक्टरवर झाडं उभी राहिली, तीही रोपवाटिकेशिवाय. कायदा बदलायला मात्र 2004 उजाडलं.

घानात उलट गोष्ट आहे. कोकोच्या बागेत आपोआप उगवलेल्या इमारती झाडावर कायद्याने शासनाचा ताबा. तोडायचा परवाना भलत्यालाच मिळतो आणि ओंडका पडताना मोडतात ती शेतकऱ्याची कोकोची झाडं. कोकोला सावली लागते हे त्याला कोणी शिकवायला नको, तरी असं रोप तो वीतभर असतानाच उपटतो.

हिशेबनीस:
असहमत. मालकी मिळाली म्हणून मजुरी सुटत नाही. नायजेरियातल्या इबादानच्या संशोधन संस्थेने सुबाभूळ-गिरिपुष्पाच्या ओळी आणि मधल्या पट्ट्यात मका अशी पद्धत आणली होती. छाटलेला पाला खत म्हणून जमिनीत घालायचा. कागदावर उत्तम. पण छाटणी वेळेवर झाली नाही तर ओळ मक्यावर सावली धरते, आणि ती वेळ नेमकी निंदणीची. दोन हातांचं घर आधी काय करणार? पद्धत फारशी पसरलीच नाही.

बाजाराचंही तेच. पंजाब-हरियाणात पॉप्लर स्वतःच्या जमिनीवर, स्वतःच्या नावावर होता. हिवाळ्यात पानं गळतात, खाली गहू येतो, सहा-आठ वर्षांत लाकूड प्लायवूडला. दर कोसळले तेव्हा लोकांनी तोच पॉप्लर मुळासकट काढला. सातबारा नावावर असून काय उपयोग?

खंडकरी:
धागाकर्त्याशी शंभर टक्के सहमत. मी दुसऱ्याची जमीन कसतो, करार दरवर्षी नवा. बांधाला दोन रोपं लावली, उन्हाळाभर घागरीने पाणी घातलं. पावसाळ्यात मालकाने स्वतः येऊन उपटली. त्याला भीती, की झाड लावणारा उद्या हक्क सांगेल. त्यानंतर मी एकही लावलं नाही. मला कुठल्या प्रशिक्षणाला बोलावू नका.

रोपवाटिका:
माहितीला इतकं हलकं लेखू नका. साहेल पट्ट्यातलं, म्हणजे सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेचं, फैदर्बिया हे झाड पावसाळ्यातच पानं टाकतं, म्हणून त्याच्या बुडाशी बाजरी जोमाने येते. ज्याने फक्त बारमाही सावलीचं झाड पाहिलंय, बुडाशी पीक पिवळं पडलेलं पाहिलंय, तो 'झाड नको'च म्हणणार. त्याला दुसरं झाड दाखवावंच लागेल.

ओंजळ:
सगळे 'शेतकरी' म्हणताय, जणू घरात एकच माणूस राहतो. गांबियात बायकांनी भाजीचे मळे फुलवले. विहिरी झाल्या, हातात पैसा येऊ लागला. मग जमीनधारक पुरुषांनी त्याच वाफ्यांत आंब्याची रोपं लावली, तीही वृक्षलागवडीच्या मदतनिधीतून. भाजीला घातलेलं पाणी आपसूक आंब्याला मिळालं, म्हणजे राबल्या बायका. झाडं मोठी झाली, सावली पडली, भाजी संपली. आंबा पुरुषांचा. मोजणाऱ्याच्या वहीत ही यशस्वी लागवड! हे वाचून माझा जीव जळतो.

हिशेबनीस:
ओंजळ, हे माझ्या हिशेबातून सुटलं होतं. मजुरी म्हणताना ती कोणाची, हे मी विचारलंच नाही.

धागाकर्ता:
पॉप्लरचा मुद्दा मान्य, हक्क असूनही बाजार झाड काढायला लावतो. पण तो काढायचा निर्णय शेतकऱ्याचा होता. पुन्हा लावायचं की नाही, हेही तोच ठरवणार. खंडकऱ्याला आणि त्या मळ्यातल्या बायकांना तेवढंही नव्हतं, म्हणून मी हक्काचा प्रश्न अजूनही आधी ठेवतो. खंडकरी, दहा वर्षांचा लेखी करार आणि झाडाच्या उत्पन्नात अर्धा वाटा असता, तर रोपं पुन्हा लावली असतीत का?

खंडकरी:
लावली असती. पण मालक सही करेल असं वाटत नाही.