काम बंद पडलं की सरकारनं एकदाच थेट पैसे द्यावेत का? आणि कुणाला?

सुईदोरा
एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत 'ब्रेक द चेन'चे निर्बंध लागले तेव्हा राज्य सरकारनं ५,४७६ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. नोंदणीकृत बांधकाम कामगार, घरेलू कामगार, फेरीवाले, परवानाधारक रिक्षाचालक यांना प्रत्येकी १,५०० रुपये, आदिवासी कुटुंबांना खावटीचे २,०००. त्या दिवसांत मी आमच्या वस्तीत बायकांचे कागद बघून द्यायला बसायचे.

एक मावशी आल्या. चार घरची धुणीभांडी, त्यातल्या तीन घरांनी 'सध्या येऊ नका' सांगितलेलं. रेशनकार्डाच्या पिशवीत घरेलू कामगाराचं ओळखपत्र अगदी जपून ठेवलेलं, पण नूतनीकरण कधीच संपलेलं. त्यासाठी खाडा करून कचेरीत कोण जाणार? नाव यादीत नाही, पैसे नाहीत. त्यांच्या शेजारच्या खोलीतला मुलगा शिफ्टवर रिक्षा चालवायचा. परवाना मालकाच्या नावावर, त्यामुळे १,५०० मालकाला. रिक्षा बंद म्हणून उपाशी कोण, तर हा.

याउलट एप्रिल २०२० आठवा. जनधन खातं असलेल्या बायकांना ५०० रुपये, तीन महिने. अर्ज नाही, दाखला नाही. खाते क्रमांकाच्या शेवटी ० किंवा १ असेल तर ३ एप्रिल, २ किंवा ३ असेल तर ४ एप्रिल, असे दिवस ठरवून दिले होते. रक्कम तुटपुंजी होती, पण आली. माझं म्हणणं एवढंच आहे की संकटात आधी सगळ्यांना द्या आणि चाळणी नंतर लावा. नोंदणीच्या याद्या सुखाच्या दिवसांत बनतात, त्यात गरजवंतच सापडत नाहीत.

हिशेबनीस
तळमळ पटली, उपाय पटला नाही. त्या ५०० रुपयांवरच तीन महिन्यांत सुमारे ३१ हजार कोटी गेले. ५,००० दिले असते तर तीन लाख कोटी, तेही फक्त जनधनच्या बायकांना. 'सगळ्यांना' म्हटलं की आकडा कुठे जातो बघा. त्या काळात कराचा पैसा आटलेला असतो, म्हणजे हे सगळं कर्जाऊच. त्यापेक्षा धान्य बरं. ८० कोटी लोकांना माणशी ५ किलो फुकट दिलं, गोदामं भरलेलीच होती. धान्य घरातच शिजतं. नवऱ्याच्या हाती पैसा पडला तर तो कुठे जातो हे तुम्हाला वस्तीत राहून मी सांगायला नको.

सुईदोरा
@हिशेबनीस, धान्याला माझा विरोध नाहीच. पण आमच्याकडे गहू आला आणि दळणाला पैसे नव्हते. दोन बायकांनी तेच गहू अर्धे विकून उरलेले दळून आणले. खोलीभाडं गव्हानं भागत नाही, गोळ्या गव्हावर मिळत नाहीत. पोरांची शाळा तेव्हा मोबाइलवर होती, रिचार्ज संपला की शाळा संपली. आणि पैसे बायकांच्याच खात्यावर आले होते, दारूचा मुद्दा इथे लागू करू नका. परवडण्याचं म्हणाल तर रघुराम राजन यांनी एप्रिल २०२० मध्येच सांगितलं होतं की गरिबांना सावरायला ६५ हजार कोटी लागतील आणि ते आपल्याला परवडतील.

जर्सीकर
मी न्यू जर्सीत. सरसकट वाटल्यावर काय होतं ते माझ्याच घरातलं सांगतो. २०२० मध्ये इथे प्रत्येक प्रौढाला १,२०० डॉलर आणि मुलाला ५०० दिले. न मागता खात्यात जमा. आमचं दोघांचं काम घरून चालू होतं, एका दिवसाचा पगार बुडाला नव्हता. ते पैसे मी शेअर बाजारात घातले. त्यात मला कुठलाही अभिमान नाही, ते मला मिळायलाच नको होते. मार्च २०२१ मध्ये आणखी १,४०० आले. जून २०२२ मध्ये महागाई ९.१ टक्क्यांवर गेली. मालाचा तुटवडा होता, युद्ध होतं, सगळा दोष वाटपाला देत नाही. पण दुकानात माल नसताना प्रत्येकाच्या खिशात पैसा कोंबला की भाव चढणारच.

आणि सरसकट म्हणतात त्यालाही चाळणी असतेच. माझ्या मित्राच्या बायकोकडे तेव्हा इथला सोशल सिक्युरिटी नंबर नव्हता. कर एकत्र भरला म्हणून पहिल्या फेरीत त्या घराला एक छदाम मिळाला नाही.

पाझर
मी बहात्तरच्या दुष्काळातला. बारा वर्षांचा होतो. आई पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जायची, मी पाणी पोचवायचो. मस्टरवर नाव, आठवड्याला पगार, वर सुकडी म्हणजे खायला पौष्टिक पीठ. त्याच अनुभवातून वि. स. पागे यांची रोजगार हमी उभी राहिली, १९७७ ला कायदा झाला, पुढे २००५ ला देशभर गेला. सुईदोरा, तुम्ही यादीचं दुखणं मांडलंत ना? रोहयोला यादी लागतच नाही. ज्याच्या घरी चूल पेटत नाही तोच उन्हात खडी फोडायला येतो. सावकार येत नाही, परवान्याचा मालक येत नाही. आणि माघारी काहीतरी उरतं. तो तलाव आजही भरतो. खात्यात टाकलेले ५०० कुठे दिसतात?

सुईदोरा
@पाझर काका, यादीबद्दलचं तुमचं उत्तर माझ्यापेक्षा चांगलं आहे, मान्य करते. पण २०२० च्या एप्रिलमध्ये चार माणसं एकत्र जमायला बंदी होती, मस्टर कुठे मांडणार? शहरात तर आजही रोजगार हमी नाही. मावशींचे गुडघे गेलेत, त्या खडी कशी फोडतील? मंदी लांबली तर काम द्याच. पहिल्या पंधरवड्याला मात्र पैसेच लागतात.
@जर्सीकर, तुमच्यासारख्यांकडून पुढच्या वर्षीच्या करात ते परत घ्यावेत. मावशींना मात्र पुढच्या वर्षी जेवण देऊन चालत नाही.

सोलापुरी
'रक्कम तुटपुंजी होती, पण आली' हे वाचून राहवलं नाही. आमची आई कुंभारीच्या विडी घरकुलात राहते. तेव्हा कारखाने बंद, पानं-तंबाखू मिळेना. ५०० साठी ती सकाळी सहाला बँकेच्या ग्राहक सेवा केंद्रावर गेली. खडूची वर्तुळं आखली होती, त्यात चप्पल ठेवून बाया भिंतीच्या सावलीला बसल्या. नंबर आला तर अंगठा उमटेना. चाळीस वर्षं पानं वळून बोटं गुळगुळीत झालीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा. केंद्रवाल्यानं वीस रुपये कापून घेतले, पावती नाही. असं तीनदा.

मला पैसे नकोत असं म्हणायचं नाही. मला म्हणायचंय की १,५०० एकदम द्यायला पाहिजे होते. पाचशे-पाचशे आले ते किराणावाल्याच्या उधारीत मुरले. एकदम आले असते तर बोरमाळ गहाण ठेवावी लागली नसती, तिला तेवढेच कमी पडत होते.

हिशेबनीस
@सोलापुरी, एकरकमी देण्याचा मुद्दा मला पटतो. सरकारचा खर्च तेवढाच, हेलपाटे वाचतात. सरसकटला मात्र माझा विरोध कायम आहे.

सुईदोरा
@सोलापुरी, 'आली' हा शब्द मी फार सहज वापरला. चुकलं. खातं बघून लिहिलं, केंद्राबाहेरची रांग बघून लिहायला हवं होतं. बोरमाळ सुटली का?

सोलापुरी
पुढच्या वर्षी दिवाळीला. व्याज धरून दुप्पट गेले.