‘प्रभाव डावपेच’? शब्द सुचवा

क्रीडा संघटनांवरच्या प्रबंधाचा मराठी सारांश करतेय. व्यवस्थापक आपलं म्हणणं कसं गळी उतरवतात आणि त्यानं कर्मचाऱ्यांच्या कामावर काय फरक पडतो, असा विषय. ‘इन्फ्लुअन्स टॅक्टिक्स’ला ‘प्रभाव डावपेच’ लिहिलं, पण खटकतंय.

— खटकणारच. खेळाच्या लिखाणात ‘डावपेच’ वाचला की डोळ्यांसमोर मैदान येतं, ऑफिस नाही. ‘मन वळवण्याच्या रीती’ म्हणा की.

— मग दमदाटीचं काय? तीही त्यातलीच एक, आणि तिनं मन वळत नाही, मान वळते. गॅरी युक्ल आणि ट्रेसी या संशोधकांनी 1992 मध्ये अशा नऊ रीती तपासल्या. कारणं देऊन पटवणं, सल्ला घेणं, उमेद जागवणं या सर्वांत लागू पडल्या. दबाव, चारजणांना सोबत घेऊन कोंडीत पकडणं आणि नियमावर बोट ठेवणं या सर्वांत कमी. त्यांच्या यादीतल्या ‘पर्सनल अपील’ला आपल्याकडे नेमका शब्द आहे: भीड घालणं. ‘वैयक्तिक आवाहन’ कृपा करून नको.

— परिणामांनाही शब्द तयार आहेत. मनापासून केलं तर ‘जीव ओतला’, सांगितलं तेवढंच केलं तर ‘पाट्या टाकल्या’, करायचंच नसेल तर ‘चालढकल’. आमच्या कबड्डी स्पर्धेत कार्यवाह ओरडले तेव्हा पोरांनी रात्री मॅट टाकल्या खऱ्या, पण सांध्यांत बोट जाईल एवढ्या फटी. सकाळी पहिल्याच चढाईत एकाचा अंगठा अडकला. पुढच्या वर्षी त्याच कार्यवाहांनी पोरांना विचारलं, “कुठल्या कोपऱ्यातून सुरुवात करू या?” पोरं गुडघ्यावर बसून मॅटच्या कडेचा एकेक दात ठोकून बसवत होती. तेरा बाय दहाचं मैदान, आणि चहासुद्धा मागितला नाही कुणी.

— प्रबंधात ‘पाट्या टाकणे’ चालेल?

— अवतरणात चालेल. तिथे ‘अनुपालन’ लिहिलंत तर वाचणाराच पाट्या टाकेल.

— बरं, शीर्षकात ‘काम करवून घेण्याच्या रीती’ ठेवते. दमदाटीही त्यात बसते.

— एक राहिलं. ‘मॅनेजर’ तसाच ठेवू नका. खेळात मॅनेजर म्हणजे संघासोबत जाऊन तिकिटं, खोल्या, जेवण बघणारा. संघटनेचा गाडा हाकतो तो कार्यवाह, कबड्डीत सरकार्यवाह. आणि ‘कर्मचारी’ही जपून, मॅट टाकणाऱ्यांपैकी पगारी एकही नव्हता.