व्हिएतनाम, चौघं, दिवाळीची सुट्टी : तीन लाखांत बसेल का?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. यंदा लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे. ते झालं की 9 रात्रींसाठी व्हिएतनामला जायचं ठरतंय. आम्ही दोघं आणि मुलं दोन, वयं 10 आणि 6. विमान मुंबईहून. सगळे शाकाहारी, अंडं चालतं. खरेदी सोडून हाताशी तीन लाख आहेत.

डोक्यातला मार्ग असा : हनोई, हा लाँगच्या खाडीत क्रूझवर एक रात्र, मग दा नांग आणि होई आन, शेवटी हो ची मिन्ह सिटी. टूरवाल्यांकडून नको, स्वतःच बुकिंग करायचं आहे. एवढ्या पैशांत बसेल का? रोख किती न्यावी आणि कशात? शाकाहारी जेवणाचा दिवसाचा खर्च किती धरावा? आकड्यांसकट सांगितलंत तर फार मदत होईल.

भटकंतीवही

तीन लाखांत व्हिएतनाम बसेल, हा मार्ग बसणार नाही. तिथे राहणं-खाणं स्वस्त आहे, पैसे जातात ते एका गावाहून दुसऱ्या गावी जाण्यात. चौघांचं प्रत्येक तिकीट चारदा लागतं, त्यामुळे एक शहर कमी केलं की हिशेब एकदम हलका होतो.

कमी करायचं तर दा नांग-होई आनच करा, आणि ते केवळ पैशांसाठी नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा मध्य व्हिएतनामचा, म्हणजे याच भागाचा, पावसाचा ऐन मोसम. आपल्याकडे पाऊस संपलेला असतो, म्हणून तिकडेही कोरडं असेल असं समजून दिवाळीत बरीच मंडळी तिथे जातात. 2025 च्या ऑक्टोबरअखेर तिथली ह्वे आणि होई आन ही दोन्ही शहरं पुराच्या पाण्यात होती. त्याच वेळी उत्तरेत हनोई आणि त्याच्या जवळचं निन्ह बिन्ह कोरडं आणि सुखद असतं, दक्षिणेतला पाऊसही ओसरत आलेला असतो. होई आनसाठी फेब्रुवारी ते मे हा काळ चांगला.

तेव्हा असं करा : हनोई 4 रात्री (त्यातला एक दिवस हा लाँग), निन्ह बिन्ह 2, हो ची मिन्ह 3. हनोईत उतरायचं आणि हो ची मिन्हहून परतायचं, असंच तिकीट काढा. मुंबईहून दोन्ही शहरांना थेट विमानं आहेत. उलटं परत हनोईला यायचं म्हणजे चार तिकिटं आणि एक दिवस वाया.

आता आकडे. 1 लाख डाँग (तिथलं चलन) म्हणजे 350 रुपये धरा. दर थोडा वरखाली होतो, पण हिशेब कडक असलेला बरा. दिवाळीच्या गर्दीत जाऊन-येऊन माणशी 28 हजार, म्हणजे 1,12,000. दोन वर्षांवरच्या मुलांना जवळजवळ पूर्ण भाडं पडतं. ई-व्हिसा माणशी 25 डॉलर, चौघांचे सुमारे 9,000. नाश्त्यासह फॅमिली रूम रात्रीला 12 लाख डाँगपर्यंत चांगली मिळते, 9 रात्रींचे 38,000. जेवणखाण दिवसाला 11 लाख डाँग, एकूण 35,000. हनोई ते हो ची मिन्ह विमान सामानासकट 22,400. हा लाँगची दिवसाची बोट 13,500. व्हॅन, ग्रॅब (अ‍ॅपवरून मागवायची टॅक्सी) आणि विमानतळाच्या फेऱ्या 17,500. निन्ह बिन्हमधली ट्रांग आनची होडी, कू चीची भुयारं, मेकाँगची एक दिवसाची सहल आणि बाकी प्रवेशशुल्क 17,500. विमा आणि सिमकार्डं 5,400. बेरीज 2,70,300 होते. त्यावर दहा टक्के हात राखून ठेवा, तीन लाखांच्या आतच राहता.

क्रूझवर रात्र काढलीत तर चौघांचे 40,000 च्या घरात जातात, आणि बोट निम्मा वेळ एका जागी नांगरलेली असते. सहा वर्षांच्या मुलासाठी दिवसाची बोट पुरेशी आहे. मात्र पहाटे हनोईहून निघून रात्री परत, असा तो दिवस लांबलचक होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी काही ठेवू नका.

दोन बारकावे. हनोईच्या जुन्या भागात स्वस्त खोल्यांना बरेचदा खिडकी नसते. बुकिंगमध्ये खोलीच्या वर्णनात खिडकीचा उल्लेख आहे का ते बघा, नुसत्या फोटोवर जाऊ नका. आणि पुष्कळ ठिकाणी मुलांचं तिकीट वयावर नसतं, उंचीवर असतं : साधारण एक मीटरखाली फुकट, 1 ते 1.4 मीटर कमी दर, त्यावर पूर्ण. थोरल्याची उंची आत्ताच मोजून ठेवा.

रोकडवही

वरचा हिशेब पटला. त्यातलं विमान, व्हिसा, हॉटेलं, बोट हे सगळं इथूनच भरता येतं. तिथे हातातून जाणारे पैसे म्हणजे जेवण, फिरणं आणि तिकिटं, मिळून 70 हजार. तेवढ्याचे साधारण पावणेआठशे डॉलर होतात. 600 रोख न्या, बाकी कार्डावर ठेवा.

रुपये नेऊ नका, तिथे ते धड चालत नाहीत. डॉलरही 100 च्या नोटांत घ्या. लहान नोटांना दर कमी देतात, आणि घडीवर फाटलेली किंवा पेनाची रेघ असलेली नोट परत करतात. इथल्या मनी चेंजरकडून घेतानाच एकेक नोट उजेडात धरून बघा, तिथेच बदलून मागा. विमानतळावर 50 डॉलरपुरतेच डाँग घ्या, बाकीचे शहरात बँकेत किंवा परवानाधारक दुकानात.

एटीएममधून काढायचे झाले तर दोन ठिकाणी कात्री लागते. तिथल्या बहुतेक बँका दर वेळी शुल्क घेतात, इथली बँक परकीय चलनाचा अधिभार आणि त्यावर जीएसटी लावते. त्यामुळे थोडेथोडे काढू नका. मशीनने किंवा दुकानदाराने ‘रुपयांत आकारू का’ विचारलं तर नाही म्हणा, डाँगमध्येच आकारायला सांगा. रुपयांतला दर ते स्वतःच्या मर्जीने लावतात.

नोटांची सवय होईपर्यंत एक गोष्ट फार जपा. 20 हजारांची आणि 5 लाखांची, दोन्ही नोटा निळ्या आहेत. एक 70 रुपयांची, दुसरी 1,750 ची. रात्री टॅक्सीत घाईघाईने देताना हमखास गफलत होते. 5 लाखांच्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवा आणि हॉटेलातच मोडून घ्या. फळ्यावर नुसतं 50 लिहिलेलं असेल तर ते 50 हजार डाँग.

टूर पॅकेज आणि स्वतःचं बुकिंग यांची तुलना करताना एक लक्षात घ्या. पॅकेजवर टीसीएस, म्हणजे टूर कंपनीने आगाऊ गोळा केलेला आयकर, घेतात. तो आयकर रिटर्नमध्ये वळता होतो, पण तोवर पैसे अडकून राहतात.

चिंचगूळ

जेवणाचे 11 लाख डाँग बरोबर आहेत, फक्त रोज दोन्ही वेळा भारतीय हॉटेलात गेलात तर पुरणार नाहीत. भारतीय थाळी माणशी दीड ते अडीच लाख डाँग. चौघांची एक वेळ 8 लाखांच्या आसपास जाते.

स्वस्त आणि खरोखर शाकाहारी जागा म्हणजे पाटीवर ‘कोम चाय’ लिहिलेल्या खाणावळी. बौद्ध परंपरेतलं जेवण असतं. भाताबरोबर टोफू, वांगं, मशरूम, पालेभाजी, असं ताट 35 ते 60 हजार डाँगला मिळतं. नकाशात शोधताना ‘चाय’ची स्पेलिंग सी-एच-ए-वाय. त्यांच्या चांद्रमासाच्या पहिल्या तिथीला आणि पौर्णिमेला पुष्कळ स्थानिक लोकही मांस टाळतात, त्या दिवशी या जागी गर्दी असते, लवकर जा.

साध्या हॉटेलात ‘नो मीट’ सांगून भागत नाही. मांस काढतात, पण रस्सा हाडांचाच असतो आणि चटणीत माशाचा सॉस. फोनवर ‘मांस नाही, मासे नाहीत, माशाचा सॉस नाही, हाडांचा रस्सा नाही, अंडं चालेल’ असं व्हिएतनामीत लिहून ठेवा आणि ऑर्डर देण्याआधी दाखवा. अंड्याचं बान्ह मी (लांब पावाचं तिथलं सँडविच) 20-30 हजारांत मिळतं, मुलांना आवडतं, त्यात पाते (मांसाची पेस्ट) लावू नका हे मात्र आवर्जून सांगा. हॉटेलचा नाश्ता भरपूर असतो, फळं आणि ऑम्लेट तिथेच पोटभर होतं. सोबत चार-पाच दिवसांचे थेपले, मेतकूट आणि एक किलो पोहे पुरेत, खोलीत किटली असतेच.

गोदाकाठ

खूप आभार सगळ्यांचे. दा नांग काढून टाकलं. अजून दोन शंका. व्हिसाच्या अर्जात मुलांचं नाव कसं भरायचं? आणि निन्ह बिन्हला स्कूटर भाड्याने घेतली तर ग्रॅबचे पैसे वाचतील ना? इथून आंतरराष्ट्रीय परवाना काढून नेऊ.

भटकंतीवही

नाव पासपोर्टवर छापलंय तसंच्या तसं. आपल्याकडे ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात बहुधा स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र असतं. अर्जात वडिलांचं नाव गाळलं की व्हिसा आणि पासपोर्ट जुळत नाहीत, आणि विमानतळावर चेक-इनलाच अडवतात. प्रत्येक मुलाचा अर्ज वेगळा. भरलेलं शुल्क परत मिळत नाही, चुकलं की पुन्हा 25 डॉलर. पत्त्याच्या शेवटी ‘गव्ह डॉट व्हीएन’ असलेल्या सरकारी संकेतस्थळावरच भरा. हुबेहूब दिसणारी खासगी संकेतस्थळं त्याच कामाचे दुप्पट-तिप्पट घेतात. मुदत लिहिलेल्या तारखेपासून सुरू होते, तेव्हा आगमनाची तारीख विमान तिथे उतरण्याची द्या, मुंबईहून सुटण्याची नव्हे.

स्कूटर घेऊ नका. भारतात मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना 1949 च्या जिनिव्हा कराराखालचा आहे, व्हिएतनाम 1968 च्या व्हिएन्ना करारातला मानतं. दुकानदार विचारणारही नाही, दिवसाचे दीड लाख डाँग घेऊन किल्ली देईल. पण परवाना ग्राह्य नसताना अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारते, आणि 2025 पासून 125 सीसीपर्यंतच्या गाडीलाच विनापरवाना 20 ते 40 लाख डाँग दंड आहे, म्हणजे 7 ते 14 हजार रुपये. निन्ह बिन्हमधल्या ताम कोकच्या आसपास सायकली 50 हजारांच्या आत दिवसभर मिळतात, रस्ते सपाट आहेत, धाकट्यासाठी मागे सीट असलेली मागून घ्या. लांबच्या जागांसाठी अर्ध्या दिवसाची गाडी हॉटेलकडून ठरवा, भाव आधी कागदावर लिहून घ्या.

रोकडवही

सामानाचं राहिलं. स्वस्त विमानकंपन्यांच्या मूळ भाड्यात बरेचदा केबिनमधले 7 किलोच असतात आणि गेटवर काटा लावतात. चौघांत 20 किलोच्या दोन बॅगा तिकीट काढतानाच घ्या, काउंटरवर त्याच वजनाचे कितीतरी जास्त लागतात. विमानतळावरून ग्रॅब मागवताना सात आसनी गाडी निवडा. चार आसनी गाडीत दोन मोठ्या बॅगा आणि चौघं मावत नाहीत, मग दोन गाड्या कराव्या लागतात.