एम.एस्सी.च्या प्रॅक्टिकलमधून कोंबडीची अंडी काढून टाकणं योग्य आहे का?

रानवारा: आमच्या विभागात विकासजीवशास्त्राच्या (गर्भ कसा घडतो त्याच्या शास्त्राच्या) प्रॅक्टिकलमधून अंडी गेली, आता ॲनिमेशन दाखवतात. मला हे साफ चूक वाटतं. हॅचरीतून फलित अंडी आणायची (दुकानातली चालत नाहीत, त्या कोंबड्यांत कोंबडाच नसतो), ३७-३८ अंशांवर तीन दिवस उबवायची आणि कवच अलगद फोडायचं. बलकावर रक्तवाहिन्यांचं जाळं, मधोमध धडधडणारा लाल ठिपका. तो बघितला तेव्हा पहिल्यांदा प्रश्न पडला, या पेशींना ‘तुम्ही हृदय व्हा’ असं सांगितलं कोणी?

पेशीवाला: असहमत. तास मोजकेच असतात. मी एम.एस्सी. झालो तेव्हा गर्भाच्या आकृत्यांनी वही भरली होती, पण मायक्रोपिपेट (थेंबाहूनही कमी द्रव मोजून घ्यायचं साधन) नीट धरता येत नव्हतं. मुलाखतीत विचारलं, पीसीआर (डीएनएच्या भरपूर प्रती काढायचं तंत्र) केलाय का? पेशी वाढवल्यात का? दोन्हीला नाही म्हणालो. वर्ष घरी बसून काढलं. पोरं कर्ज काढून शिकतात हो.

रानवारा: राग रास्त आहे, पण तो आकृत्यांवर काढा. १९२४ मध्ये श्पेमान आणि हिल्डे मँगोल्ड या जर्मन जीवशास्त्रज्ञांनी न्यूटच्या (पालीसारख्या दिसणाऱ्या उभयचर प्राण्याच्या) गर्भाचा एक तुकडा दुसऱ्या गर्भात बसवला, तर तिथे दुसरं शरीर आकाराला आलं. दोन्ही गर्भांचा रंग वेगळा होता, म्हणून कळलं की त्या तुकड्याने यजमानाच्याच, म्हणजे ज्यात तो बसवला त्या गर्भाच्याच, पेशी कामाला लावल्या होत्या. हे करवून घेणारी नॉगिन, कॉर्डिन ही प्रथिनं सापडली १९९० च्या दशकात. काय शोधायचं ते आधी डोळ्यांनी ठरवलं होतं.

पेशीवाला: आणि उत्तर मिळालं ते रेणवीय (डीएनए-प्रथिनांच्या पातळीवरची) तंत्रं हाती आल्यावरच. तोवर जवळपास सत्तर वर्षं गेली! मी तेच म्हणतोय.

इंद्रायणीकाठ: आमच्या घरी सगळे माळकरी. अंडी फोडायच्या दिवशी मी गेलेच नाही, गुण गेले. विषय मात्र जिवापाड आवडायचा. माझ्यासारखीने काय करायचं, हे कुणी विचारलंच नाही.

रानवारा: ताई, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. तुमच्यासाठी झेब्राफिश हवा. आपल्याच गंगेच्या खोऱ्यातला मासा. अंडी पाण्यात, गर्भ पारदर्शक, साधारण दिवसभरात हृदय हलताना दिसतं. काहीच फोडायला नको, बघून झालं की परत टाकीत.

पेशीवाला: मासे चालतील मला. फक्त पीसीआरचे तास कापून नकोत.